नाक्यापलीकडे पोलीस पाटील, अलीकडे कोण?

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने तुरमुरी, बाची मागे टाकली की शिनोळी येते. पाट्यांची लिपी बदलते, एसटीचा रंग बदलतो. बाकी माणसं तीच, ऊस तोच, सोयरीक तीच. पण एक फरक कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो. रात्री दोन वाजता विहिरीवरची मोटर चोरीला गेल्याचं कळलं तर पहिली हाक कुणाला मारायची? पलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या गावात शेंबडं पोरही सांगेल, पोलीस पाटलाला. अलीकडे आपल्याकडे मात्र कुणी म्हणतं ग्रामपंचायत मेंबरला सांगा, कुणी म्हणतं ११२ लावा, कुणी म्हणतं सकाळी ठाण्यात जाऊ.

गेल्या काही महिन्यांत बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या तिघा-चौघा वाचकांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "त्यांच्याकडं पोलीस पाटील हाय, आमच्याकडं का न्हाई?" एकाने तर अर्ज कुठे करायचा तेही विचारलं. मुलगा पदवीधर आहे, घरीच आहे, गावात त्याला मान आहे, पोलीस पाटील झाला तर बरं होईल म्हणाले. त्यांना फोनवर दोन मिनिटांत सांगून भागलं नाही, म्हणून हा लेख.

आधी सरळ उत्तर. कर्नाटकात हे पद आता नाही, म्हणून अर्जही नाही. पण एकेकाळी होतं, आणि दोन्हीकडे एकच होतं. ते का गेलं हे कळल्याशिवाय आजचा घोळ कळत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, निपाणी, सगळीकडे इंग्रजांनी १८६७ साली केलेला मुंबईचा ग्राम पोलीस कायदा चालायचा. गावचा पाटील वंशपरंपरेने. काही गावांत मुलकी पाटील वेगळा आणि पोलीस पाटील वेगळा, काही गावांत एकाच घरात दोन्ही कामं. वसुली पाहायची, भांडण मिटवायचं, चोर पकडून चावडीवर बसवायचा, साहेब आला की घोड्याला वैरण द्यायची. बदल्यात वतनाची जमीन. आजही आपल्याकडे कुणाच्या आडनावापुढे पाटील असलं की मागे कुठेतरी हे वतन असतं. ते खरंच होतं की नुसतं सांगण्यापुरतं, हा गावोगावी रंगणारा वेगळा विषय. त्यात मी पडत नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही सरकारांना वंशपरंपरेची नोकरी नको होती, आणि ते बरोबरच होतं. म्हैसूर सरकारने १९६१ साली ग्रामाधिकार रद्द करणारा कायदा केला, तो १९६३ पासून लागू झाला. पाटील, कुळकर्णी, शेतसनदी, सगळी वतनं गेली. मुलकी काम पगारी ग्राम लेखपालाकडे गेलं, पोलिसांचं काम ठाण्याकडे. महाराष्ट्राने १९६२ साली मुलकी पाटीलकी रद्द केली, पण पोलीस पाटलाचं पद मोडीत काढलं नाही. १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम करून वंशपरंपरा काढून टाकली आणि पद ठेवलं. म्हणजे एका बाजूने घरच पाडलं, दुसऱ्या बाजूने मालक बदलून घर ठेवलं. साठ वर्षं झाली, त्याचा फरक आज शिनोळी नाक्याच्या दोन बाजूंना दिसतो.

पाटलाची नेमणूक आता परीक्षेने

आता पोलीस पाटील म्हणजे फेटा आणि मिशा हे डोक्यातून काढा. चंदगड तालुक्यातल्या एका गावच्या पोलीस पाटलांना मी ओळखतो. वय चाळीसच्या आत, काजूची बाग आणि दोन म्हशी, स्मार्टफोनवर पाच-सहा व्हॉट्सअॅप ग्रुप. मिशा नाहीत. नाव देत नाही, कारण पुढे जे सांगितलंय ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आणि त्यांना त्याच गावात राहायचं आहे.

जागा निघाली की प्रांताधिकारी जाहिरात देतात. उमेदवार त्याच गावचा रहिवासी हवा, दहावी पास हवा, वय पंचवीस ते पंचेचाळीस. लेखी परीक्षा ऐंशी गुणांची, तोंडी वीस गुणांची. काही जागा प्रवर्गासाठी आणि महिलांसाठी राखीव असतात, त्यामुळे सीमेवरच्या काही गावांत आता पोलीस पाटील बाई आहेत. समान गुण पडले तर आधीच्या पोलीस पाटलाच्या वारसाला प्राधान्य मिळतं. म्हणजे वंशपरंपरा पुढच्या दाराने गेली आणि खिडकीतून थोडी आत डोकावते असं म्हणायला हरकत नाही. नेमणूक आधी पाच वर्षांची, काम ठीक असेल तर पुढे वाढवत साठ वर्षांपर्यंत.

शेती करायला, गावातच छोटा धंदा करायला मुभा आहे. पूर्ण वेळची दुसरी नोकरी करता येत नाही, राजकारणात पडता येत नाही. कामात कसूर झाली तर ताकिदीपासून बडतर्फीपर्यंत शिक्षा आहे.

पैशाचं काय, हा प्रश्न मी कॉमर्सचा असल्यामुळे पहिलाच विचारला. पगार नाही, मानधन. २०१९ पर्यंत महिन्याला तीन हजार होतं. मग साडेसहा हजार झालं. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पंधरा हजारांचा निर्णय घेतला. दिवसाला धरलं तर शंभर रुपयांपासून पाचशेपर्यंत आलं. ऐकायला बरं वाटतं. पण सीमेवरच्या काही गावांतून चंदगडच्या ठाण्यात जाऊन यायचं तर अर्धा दिवस जातो, पेट्रोल स्वतःचं. महिन्यात ठाण्याच्या आणि तहसीलच्या मिळून चार-पाच खेपा होतात, बंदोबस्त असला की जास्त. "आणि मानधन दर महिन्याच्या एक तारखेला येतं असं समजू नका," ते हसून म्हणाले. शंभर रुपये रोज असतानाही माणसं हे काम का करत होती, हे मात्र मला हिशेबाने सांगता येणार नाही.

काम नेमकं काय?

कायद्याची भाषा बाजूला ठेवून सांगतो. पोलीस पाटील हा गावातला सरकारचा कान आणि डोळा. हातात काठीसुद्धा नाही. तो पोलीस नाही, गणवेश नाही, गुन्ह्याचा तपास करत नाही. गावात काय चाललंय हे तहसीलदाराला आणि ठाण्याला वेळेवर कळवणं हे त्याचं पहिलं काम. गुन्हे, साथीचे रोग, पूर, आग, दोन गटांतली धुसफूस, गावात आलेला अनोळखी माणूस, सगळं त्यात आलं. पोलीस आले की त्यांना मदत करायची, गुन्हा होण्याआधी टाळता आला तर टाळायचा, उपद्रव थांबवायचा.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं बघा. त्यांनी मला मागच्या पावसाळ्यातला एक आठवडा सांगितला. सोमवारी नदीचं पाणी वाढलं, तलाठ्याला आणि तहसीलला फोटो पाठवले, खालच्या आळीतल्या दोन घरांना रात्री शाळेत झोपायला सांगितलं. एक आजी हलेना, तिच्या शेळ्या आधी हलवल्या मग ती हलली. मंगळवारी भावाभावांत बांधावरून कोयता निघाला. बुधवारी ठाण्यातून फोन, अमुक माणसाला समन्स लागलंय, तो घरी आहे का? तो कामाला गोव्यात. गुरुवारी उसात हत्ती. चंदगड, आजऱ्याकडे गेली वीसेक वर्षं कर्नाटकातून हत्ती येतात हे आपल्याला माहीत आहे. हत्तीला सीमावाद ठाऊक नाही. हत्ती दिसला की वनखात्याला कळवायचं आणि त्याहून मोठं काम म्हणजे मोबाईल घेऊन पळणाऱ्या पोरांना मागे ओढायचं. शुक्रवारी काही नाही. शनिवारी रात्री एक गाडी दिवे बंद करून आडवाटेने गेली.

गोवा बनावटीची दारू या रस्त्यांनी जाते हे आपल्या पोर्टलच्या वाचकाला मी वेगळं सांगायला नको. गाडीचा नंबर ठाण्याला कळवला तर कर्तव्य झालं. पण गाडी कुणाची हे गावात अर्ध्या लोकांना माहीत असतं, आणि नंबर कुणी दिला हेही दुसऱ्या दिवशी अर्ध्या लोकांना कळतं. मी विचारलं, मग तुम्ही कळवलंत का? ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "त्या दिवशी कळवलं. त्याच्या आधी दोनदा कळवलं नव्हतं."

हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं म्हणून छापतोय. पोलीस पाटलाच्या कामाची सगळी अडचण त्यात आली. ठाण्यातला पोलीस तीन-चार वर्षांनी बदलून जातो. पोलीस पाटील कुठे जाणार? त्याची म्हैस त्याच पाणंदीने चरायला जाते, त्याची मुलगी त्याच शाळेत जाते, ज्याच्याविरुद्ध लिहून दिलं तो चुलत्याचा साडू असतो. गावचा माणूस म्हणून त्याला सगळं कळतं, आणि गावचा माणूस म्हणूनच सगळं सांगता येत नाही. काही पोलीस पाटील यातून वाट काढतात, काही एका गटाचे होऊन बसतात. दुसऱ्या प्रकारचेही मी पाहिलेत. दाखल्यासाठी म्हातारीला चार खेपा घालायला लावणारा पाहिलाय, निवडणुकीत उघड एका बाजूने फिरणारा पाहिलाय. तेव्हा पद असलं म्हणजे गाव सुरक्षित झालं असं नव्हे.

तंटामुक्त गाव मोहीम आठवते का? १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झाली. गावातले किरकोळ तंटे कोर्टात न जाता गावातच मिटवायचे, चांगलं काम करणाऱ्या गावाला बक्षीस. त्या समितीत पोलीस पाटील असायचाच. पहिली काही वर्षं चंदगड, गडहिंग्लज भागात गावोगावी कमानी लागल्या. पुढे जोर ओसरला. पण कोयता काढलेल्या त्या दोघा भावांना समोरासमोर बसवताना आमच्या या पाटलांनी तीच जुनी समितीतली माणसं बोलावली. बांध मोजून घ्यायचं ठरलं, मोजणीची फी दोघांनी निम्मी निम्मी. हा तंटा मिटला की नाही ते मोजणी झाल्यावर कळेल.

ओढ्यातला माणूस

हा विषय माझ्या डोक्यात का बसला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी सीमेवरच्या एका ओढ्यात प्रेत सापडलं. गावाचं नाव आणि ठाण्याची नावं मुद्दाम देत नाही. ओढ्याच्या एका काठाला एक राज्य, दुसऱ्या काठाला दुसरं. प्रेत मधल्या दगडाला अडकलेलं. मी बातमीसाठी सकाळी साडेनऊला पोचलो. पलीकडच्या गावचे पोलीस पाटील माझ्या आधीपासून तिथे होते. त्यांनी दोन शहाणी माणसं सोबत घेतली होती, कुत्री हाकलायला एक पोरगा उभा केला होता, काठावरच्या पाऊलखुणांवर कुणी जाऊ नये म्हणून बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. खिशातल्या वहीत वेळ, जागा, अंगावरचे कपडे लिहिलेले. कायद्याने त्यांना हेच करायचं असतं: गावात संशयास्पद मृत्यू झाला, प्रेत सापडलं की लगेच जागेवर जायचं, गावातली जाणती माणसं बरोबर घ्यायची, पाहिलं ते लिहायचं, ठाण्याला पोचवायचं, आणि पोलीस येईपर्यंत काही हलू द्यायचं नाही.

अलीकडच्या काठावर पन्नासेक माणसं होती. त्यांतल्या एकाचंही ते काम नव्हतं. पंचायतीचे एक सदस्य होते, बिचारे फोन लावत होते. इकडच्या ठाण्याला वाटलं ते तिकडच्यांचं, तिकडच्यांना वाटलं ते इकडच्यांचं. दगड कुणाच्या हद्दीत यावर दुपार गेली. अंधार पडायच्या आत प्रेत हललं. मयत इकडचा निघाला, खानापूरकडचा. त्याची बायको संध्याकाळी आली, तोवर तो दिवसभर पाण्यात होता. तिने मला एकच विचारलं, "सकाळी कोन होतं हितं?" मी पलीकडे बोट दाखवलं.

घातपात नव्हता, पाय घसरला होता असं पुढे निघालं. पण असता तर? अलीकडच्या काठावर दिवसभरात पन्नास माणसं चालून गेली होती.

मग अलीकडे कुणाला हाक मारायची?

इथे थोडं नीट वाचा, कारण आपल्या कामाचं आहे.

कर्नाटकात गावपातळीवर पोलिसांचा माणूस म्हणजे बीट पोलीस. २०१७ साली कर्नाटक पोलिसांनी सुधारित बीट पद्धत राज्यभर आणली. आधी बीट होतंच, पण ते फिरतं असायचं. आज हा, उद्या तो. नव्या पद्धतीत ठाण्याची हद्द लहान लहान तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकडा एका ठरावीक पोलिसाच्या किंवा हवालदाराच्या नावावर केला. त्या बीटमध्ये कोण राहतं, कुठे भांडण आहे, कोण जामिनावर सुटून आलंय, म्हातारी एकटी कुठे राहते, हे त्याला माहीत असलं पाहिजे. सोबत बीटमधल्या नागरिकांची एक समिती करायची, तिच्या बैठका घ्यायच्या. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने 'मने मनेगे पोलीस' म्हणजे घरोघरी पोलीस ही योजना सुरू केली. बीट पोलिसाने प्रत्येक घरी जाऊन ओळख करून घ्यायची, अडचणी विचारायच्या, नोंद ठेवायची.

कागदावर हे पोलीस पाटलापेक्षाही चांगलं आहे असं माझं मत. बीट पोलीस पगारी आहे, शिकलेला आहे, त्याला अटक करता येते, आणि तो कुणाच्या चुलत्याचा साडू नाही. फक्त तो गावात राहत नाही. एका बीटमध्ये दोन-चार गावं, वाड्या, त्यात ठाण्यात माणसं कमी. अधिवेशन आलं, मंत्री आले, गणपती आला की सगळे बंदोबस्ताला बेळगावात. खानापूरच्या जंगलातल्या गावात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसात बीट पोलीस महिन्यातून किती वेळा पोचतो ते तिथल्या लोकांनीच सांगावं.

आणि भाषा. हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. बीट पोलीस रायचूर-विजापूरकडचा असला आणि गावात सगळी मराठी बोलणारी असली तर पहिले सहा महिने ओळखच होत नाही. फिर्याद तो कन्नडमध्ये लिहितो, फिर्यादी मान हलवून सही करतो. यात प्रत्येक वेळी कुणाचा वाईट हेतू असतो असं मी म्हणणार नाही. बेळगाव भागातले कितीतरी हवालदार अस्खलित मराठी बोलतात आणि म्हणूनच त्यांच्या बीटमधले तंटे ठाण्यापर्यंत जात नाहीत. एक हवालदार तर मला म्हणाले, "मराठी बोललो की माणूस खुर्चीत सैल बसतो, मग खरं सांगतो." लिहून घेतलेली फिर्याद आपल्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा, असं सांगायला बिचकू नका. वाचून दाखवणं हे कायद्यानेच त्यांचं काम आहे. आणि फिर्यादीची नक्कल फुकट मिळते.

तुमचा बीट पोलीस कोण हे ठाण्यात विचारलं की सांगावं लागतं. नाव आणि नंबर लिहून घ्या, पंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. समितीत नाव द्यायला कुणी मराठी माणूस पुढे येत नाही अशी तक्रार मी दोन ठाण्यांत ऐकली, आणि आम्हाला कुणी बोलावलंच नाही अशी तक्रार चार गावांत. बहुधा दोन्ही खरं असणार. ज्या वाचकाने मुलासाठी अर्ज कुठे करायचा विचारलं होतं त्यांना मी हेच सांगितलं. पोलीस पाटील होता येणार नाही, पण बीटच्या नागरिक समितीत जाता येईल. मानधन शून्य. होमगार्ड हा दुसरा मार्ग, तिथे गणवेश आहे आणि कामाच्या दिवसाचा भत्ता आहे. त्यांनी "बघतो" म्हटलं.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ज्या ठाण्यात गेलात त्यांनी खबर लिहून घेतलीच पाहिजे. मग ते संबंधित ठाण्याकडे पाठवतील. याला झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीतून सुटून बेळगावला येताना वाटेत लुबाडलं गेलं तर हद्द शोधत बसू नका, जवळचं ठाणं गाठा. "ते आमच्यात येत नाही" हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. मोबाईलवरून वगैरे कळवलं असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ते विसरू नका.

दुसरी गोष्ट ११२ ची. मोबाईल त्या वेळी ज्या बाजूच्या टॉवरला लागलेला असेल तिकडच्या राज्याच्या नियंत्रण कक्षात फोन जाऊ शकतो. बाचीत उभं राहून महाराष्ट्राची रेंज येते हे आपल्याला रोजचंच. तेव्हा फोन लागला की रडगाणं सुरू करायच्या आधी राज्य, जिल्हा, तालुका, गाव एवढं आधी सांगा. चुकीच्या बाजूला लागला असेल तर ते तिथेच कळेल, अर्ध्या तासाने नाही.

इंग्लंडचा एक दाखला

गाव आणि ठाणं यांच्यामधला हा अर्धा पोलीस आपल्याकडचीच भानगड आहे असं समजू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००२ साली कायदा करून समाज सहायक पोलीस अधिकारी नावाचं पद काढलं. टोपीला निळी पट्टी, अंगात पोलिसांसारखाच वेष, पण अटकेचा अधिकार नाही. काम म्हणजे ठरलेल्या वस्तीत रोज पायी फिरायचं, दुकानदाराशी बोलायचं, कोपऱ्यावर दारू पीत बसलेल्या अल्पवयीन पोरांकडून बाटली काढून घ्यायची, नाव-पत्ता विचारायचा, काही ठिकाणी खरा पोलीस येईपर्यंत माणसाला अर्धा तास थांबवून ठेवायचं. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना प्लॅस्टिकचे पोलीस म्हणून हिणवलं. सर्वांत जास्त होते तेव्हा, २०१० च्या सुमारास, जवळपास सतरा हजार होते. मग सरकारने खर्च कापला आणि संख्या निम्म्याच्या आसपास आली. नॉरफोक नावाच्या परगण्याने तर २०१८ पर्यंत हे पदच बंद करून टाकलं, त्याऐवजी पूर्ण अधिकाराचे पोलीस घेऊ म्हणाले. आता तिथलं सरकार पुन्हा म्हणतंय की प्रत्येक वस्तीला नावानिशी ओळखीचा पोलीस हवा. श्रीमंत देशालाही वीस वर्षांत एकदा इकडे, एकदा तिकडे करावं लागलं.

आणि अगदी आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण भिवंडीचं. १९८८ साली तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. १९८४ च्या दंगलीत भिवंडी जळाली होती. खोपड्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत दोन्ही समाजांच्या समित्या केल्या आणि साध्या पोलिसाला त्या समितीचा प्रमुख दुवा केलं. साहेबाला नाही, पोलिसाला. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. बीट पद्धतीत बैठका घ्या, घेतल्याचे फोटो पाठवा असं जिथे चालतं तिथे मला नेहमी भिवंडी आठवते. तिथे पोलीस रोज त्याच गल्लीत जात होता, फोटोसाठी नाही.

परत चंदगडकडे येतो. महाराष्ट्रात सगळं आलबेल आहे असं वाचून कुणी समजू नये. कितीतरी गावांत पोलीस पाटलाची जागा रिकामी आहे आणि शेजारच्या गावच्या पाटलाकडे जादा कारभार. भरती निघाली की कोणी कोर्टात जातं, मग जागा पुन्हा लटकते. आमच्या या पाटलांकडेही सध्या आणखी एक गाव आहे. त्या दुसऱ्या गावात ते राहत नाहीत, म्हणजे तिथे त्यांची अवस्था आपल्या बीट पोलिसासारखीच झाली. हे मी त्यांना म्हटलं तर म्हणाले, "तिथं मला खबर दोन दिवसांनी कळते. हितं दोन तासांत."

निघताना त्यांच्या अंगणात बाची बाजूचे एक शेतकरी आले. त्यांची एक एकर जमीन हद्दीच्या पलीकडे, चंदगड तालुक्यात आहे आणि तिथल्या विहिरीवरची केबल कापून नेली होती. घर कर्नाटकात, केबल महाराष्ट्रात. पाटलांनी वही काढली, केबल किती फूट, कुठल्या कंपनीची, शेवटची कधी पाहिली ते विचारलं आणि चंदगड ठाण्याला फोन लावला. फोन ठेवून ते शेतकऱ्याला म्हणाले, उद्या दहा वाजता सातबारा घेऊन या. मग मला विचारलं, "तुमच्या बाजूला पण गेल्या आठवड्यात दोन केबली गेल्या म्हणे. तिकडच्या बीटवाल्याचा नंबर हाय का?"

माझ्याकडे होता. दिला.